बट्टा कोणी सोसायचा?

'बट्टा' हा शब्द आज आपल्याला बहुधा कुणाच्या तरी नावाला किंवा कुळाला लागलेला भेटतो. कथा-कादंबऱ्यांतून, कौटुंबिक नाटकांतून तो इतका रुळला आहे, की त्याचे मूळ घर सराफाच्या पेढीवर होते याचा विसर पडावा. एका टाकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात नेला, की त्याच्या किमतीतून जी घट कापून घेतली जाई तिला बट्टा म्हणत. रुपया तोच, हातही तोच. पण गाव बदलले की त्याची पत बदले. पुढे नाणी एकसारखी झाली आणि बट्टा पेढीवरून उठला, पण भाषेतून गेला नाही. तो माणसाच्या अब्रूला जाऊन चिकटला. एखादी आर्थिक व्यवस्था मोडल्यावर तिचे शब्द कुठे आश्रय घेतात, हा साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा विषय आहे. प्रस्तुत लेखात मात्र मला या शब्दाचा माग काढत थोडे मागे जायचे आहे. युरोपातील अनेक देशांनी १९९९ साली एक सामायिक चलन स्वीकारले. त्याच्या बऱ्यावाईट परिणामांची चर्चा आपण वर्तमानपत्रांतून वाचत आलो. ती वाचताना मला सतत वाटत राहिले, की हा प्रयोग आपल्याला परका नाही. तो आपल्याकडे फार पूर्वी झाला, आणि कोणाची संमती न घेता झाला.

यासाठी आपण भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावी जाऊ. मोहाडी तालुक्यातले हे गाव कोशाच्या वस्त्रांसाठी ओळखले जाते. कोष्ट्यांचे माग, वैनगंगेच्या खोऱ्यातल्या जंगलांतून ढिवरांनी वाढवलेला कोसा, आणि करवतीच्या दातांसारखी विणलेली किनार ही या परिसराची खूण. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा या पट्ट्यात विणलेली रेशीमकाठी वस्त्रे भोसल्यांच्या अमदानीत पुण्यापर्यंत जात. म्हणजे इथला विणकर एका अर्थाने दूरच्या बाजारासाठीच विणत होता. त्याचे रेशीम बाहेरून येई, गिऱ्हाईक बाहेर असे. सारा मात्र नागपूरच्या राजाला भरायचा असे. या तीन व्यवहारांतला रुपया एकच नव्हता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी मराठी मुलखात किती प्रकारचे रुपये फिरत होते याची नुसती नावे आठवली तरी पुरे: अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली, नागपुरी. यांपैकी बहुतेकांवर नाव कुणाचे, तर दिल्लीच्या मोगल बादशहाचे. भोसल्यांच्या टाकसाळींनीही तेच केले. बादशाही उरली नव्हती, पण तिच्या नावाशिवाय नाण्याला इभ्रत नव्हती. गंमत अशी, की नाव एक असूनही चांदी निराळी असे. प्रत्येक टाकसाळीचे वजन आणि कस वेगळा, शिवाय जुने झिजलेले नाणे नव्यापेक्षा हलके. या सगळ्या फरकांचा हिशेब सराफ करी, आणि प्रत्येक हिशेबात त्याचा वाटा राही.

इथे एक मोह टाळला पाहिजे. गेलेल्या राज्यांच्या टाकसाळींविषयी हळवे होण्याचे कारण नाही. पैशाची तंगी आली की राजा नाण्यातला कस उतरवी. तो एक न सांगता बसवलेला करच होता. रयतेकडून सारा घेताना कमाविसदार भारी नाणे मागे आणि शिपायाचा पगार देताना हलके नाणे काढी, अशी तक्रार त्या काळात अनेक मुलखांत होती. बट्टा हा व्यापारावरचा भार होता, आणि तो शेवटी ज्याला नाणे पारखता येत नाही त्याच्या अंगावर पडे. आंधळगावचा विणकर कापड पारखू शकत होता, नाणे नव्हे.

तरीही या गोंधळात एक गोष्ट दडलेली होती, आणि ती आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. नागपूरच्या राज्यात दुष्काळ पडला, व्यापार बसला, तर नागपुरी रुपयाची पत पुण्याच्या किंवा बनारसच्या बाजारात उतरे. पत उतरली की बाहेरचा माल इथे महाग होई आणि इथला माल बाहेर स्वस्त. म्हणजे मुलखाची अडचण काही अंशी नाण्याच्या किमतीत शोषली जाई. हे कुणी ठरवून केले नव्हते आणि न्यायाने तर मुळीच होत नव्हते. पण मुलखाचे दुखणे आणि मुलखाचे नाणे यांच्यात एक नाते होते.

हे नाते एका फटक्यात तोडले की काय होते, याचा पहिला धडा भोसल्यांच्याच एका गमावलेल्या प्रांतात मिळाला. ओडिशा १७५१ पासून नागपूरकरांच्या ताब्यात होता. तिथल्या गावगाड्यात कवडी हे चलन होते आणि सारासुद्धा कवड्यांत भरला जाई. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांत कंपनीला दिला. कंपनीला कवड्या नको होत्या. तिला सारा चांदीत हवा होता. झाले असे, की ज्याच्यापाशी कवड्या होत्या त्याला सरकारात भरण्यासाठी चांदी विकत घ्यावी लागू लागली. चांदीची मागणी वाढली, तशी कवडीची किंमत घसरत गेली. कागदावर साऱ्याचा आकडा बदलला नसेल, पण तो भरण्यासाठी लागणारे तांदूळ आणि श्रम वाढले. त्यात मिठाचा मक्ता आला, पाइकांच्या इनामी जमिनी गेल्या. १८१७ साली खुर्द्याच्या परिसरात पाइकांचे बंड उसळले. बंडाची कारणे अनेक होती हे खरे, पण त्यांच्या यादीत चलनबदल ठळकपणे आहे. 'कवडीमोल' हा शब्द आपण सहज वापरतो. त्या वर्षांत ओडिशाच्या रयतेने तो शब्दशः भोगला.

कंपनीपुढेही एक अडचण होतीच. बंगाल, मद्रास, मुंबई या तिन्ही इलाख्यांची नाणी वेगळी, आणि तिच्या स्वतःच्याच खजिन्यांत बट्ट्याचे हिशेब. १८०६ साली संचालकांनी एकसारख्या रुपयाची कल्पना मांडली. १८० ग्रेन वजनाचा रुपया मद्रासने १८१८ मध्ये आणि मुंबईने १८२४ मध्ये स्वीकारला. शेवटी १८३५ च्या सतराव्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. याच वेळी नाण्यावरून मोगल बादशहाचे नाव गेले आणि त्या जागी इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचे मस्तक आले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या घटनेची नोंद वजनाच्या संदर्भात होते. राजकारणाच्या दृष्टीने मस्तक अधिक महत्त्वाचे होते. दिल्लीचा बादशहा आणखी बावीस वर्षे लाल किल्ल्यात राहिला, पण कंपनीच्या नाण्यावरून तो १८३५ मध्येच पदच्युत झाला.

आंधळगावपर्यंत हा रुपया सत्तेच्या मार्गाने आला. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले आणि मार्च १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. डलहौसीने आपल्या टिपणात जे युक्तिवाद केले त्यांत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा या प्रदेशातला कापूस हा एक होता, आणि त्याने तो लपवला नाही. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याला गेले. या गोष्टी नागपूरकरांनी विसरल्या नाहीत. टाकसाळ बंद झाल्याचे दुःख मात्र फारसे कुणी नोंदवलेले दिसत नाही. कंपनीच्या रुपयाच्या मानाने नागपुरी रुपया हलका होता. त्याची जागा खणखणीत, सर्वत्र चालणाऱ्या नाण्याने घेतली. बट्टा गेला. व्यापाऱ्याला सुटल्यासारखे वाटले असेल तर त्यात नवल नाही, आणि ती सुटका खोटीही नव्हती.

सामायिक चलनाचा फायदा असाच असतो. तो खरा असतो, लगेच दिसतो आणि आधी व्यापाऱ्याला मिळतो. तोटा उशिरा येतो, आणि आला की त्याच्यावर चलनाचे नाव लिहिलेले नसते.

१८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. १८८० नंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वे भंडाऱ्याच्या बाजूने राजनांदगावपर्यंत गेली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मँचेस्टरचे कापड, मुंबईचे कापड आणि नागपूरच्याच गिरणीचे कापड एकाच रुपयात मोजले जाऊ लागले, मध्ये ना जकातीची भिंत ना बट्ट्याची. याचा परिणाम सर्व विणकरांवर सारखा झाला नाही, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. जाडेभरडे कापड विणणारे महार विणकर सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात कोलमडले, कारण त्यांच्या कापडाची जागा गिरणीने थेट घेतली. कोष्ट्यांची रेशीमकाठी बारीक वस्त्रे टिकली. किंबहुना गिरणीचे सूत आणून काहींनी आपला धंदा तगवला. पण भाव गिरणी ठरवू लागली. पूर्वी मुलखाची अडचण नाण्याच्या किमतीत थोडीफार शोषली जात असे. आता नाणे अढळ झाले होते, म्हणून माणूस हलू लागला. मजुरी उतरली, माग विकले गेले, माणसे नागपूरच्या गिरण्यांकडे चालू लागली. या साऱ्याला रुपयाच जबाबदार होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. यंत्र, रेल्वे आणि इंग्रजांचे व्यापारी धोरण ही त्याहून मोठी कारणे होती. पण या धक्क्याला अडवू शकेल किंवा सावकाश करू शकेल असे मुलखाच्या हातात जे काही होते, त्यात स्वतःचे नाणे आणि स्वतःची जकात ही दोन साधने होती, आणि दोन्ही १८५४ मध्ये गेली होती.

पुढची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे, कारण तिच्यात युरोपातले पहिले मोठे सामायिक चलन आणि भंडाऱ्यातल्या बाईच्या पायातले तोडे यांची गाठ पडते.

डिसेंबर १८६५ मध्ये फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड या देशांनी आपली नाणी एका मापाची करण्याचा करार केला. त्याला लॅटिन चलनसंघ म्हणतात. ग्रीस पाठोपाठ त्यात आला. या संघात सोने आणि चांदी दोन्हींची नाणी ठरावीक प्रमाणात चालत. १८७१ नंतर जर्मनी सोन्याकडे वळली आणि आपली चांदी बाजारात आणू लागली. ती सारी आपल्या टाकसाळींवर येऊन आदळेल या भीतीने लॅटिन संघाने १८७४ मध्ये चांदीची नाणी पाडण्यावर मर्यादा घातली आणि १८७८ मध्ये ती जवळपास थांबवली. चांदीचा एक मोठा गिऱ्हाईक गेला. चांदी कोसळली, आणि चांदीचा रुपया तिच्याबरोबर कोसळला. १८७० च्या आसपास दोन शिलिंगांच्या जवळ असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये पौंडांत जी देणी द्यावी लागत, त्यांच्यासाठी आता अधिक रुपये लागू लागले, आणि ते रुपये करांतूनच यायचे होते.

२६ जून १८९३ रोजी सरकारने उपाय केला: टाकसाळी लोकांसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. म्हणून चांदीचे तोडे, वाळे, कमरपट्टा हे दागिने असले तरी एका अर्थाने रुपयेच होते. वजन करायचे, झिजेचा हिशेब करायचा, आणि जवळपास तेवढे रुपये घ्यायचे. त्या दिवसापासून रुपया आणि चांदी वेगळी झाली. रुपयाची किंमत सरकार टिकवणार होते, चांदीची घसरण मात्र चालूच राहणार होती. तीन वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, दुष्काळ पडला. पुन्हा १८९९-१९०० मध्ये पडला. मध्य प्रांताची अवस्था दोन्ही वेळा भीषण होती. गावोगाव दागिने बाहेर निघाले आणि सराफाकडे गेले. साऱ्याचा रुपया जुन्याच तोलाचा होता, पण आयुष्यभर साठवलेली चांदी आता पडत्या बाजारभावाने मोजली जात होती. रुपया एक झाला तेव्हा मोडीत निघालेला बट्टा असा परत आला. या वेळी तो एका मुलखाच्या नाण्याला लागला नाही. गरिबाच्या संचयाला लागला. पॅरिस, बर्लिन आणि लंडन इथे घेतलेल्या निर्णयांची ती किंमत होती. ती देणाऱ्यांना या शहरांची नावेही ठाऊक नसतील.

स्वेच्छेने केलेल्या चलनसंघाचेही एक उदाहरण आपल्या शेजारी आहे. २६ डिसेंबर १८७८ च्या तहाने पोर्तुगालने गोव्याची जकात आणि चलन ब्रिटिश हिंदुस्थानशी जोडले. गोव्याचा रुपया ब्रिटिश रुपयाच्या मापाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या टाकसाळीत पाडला जाऊ लागला. त्यावर मस्तक पोर्तुगालच्या राजाचे होते. सीमेवरची जकात उठली, मुरगावची रेल्वे आली. त्याबरोबर गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रणही आले. त्याच्या मोबदल्यात पोर्तुगाल सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळत. भरपाई सरकारला मिळाली. मिठागरांत राबणाऱ्याला मिळाली नाही. गोव्यातून मुंबईकडे जाणाऱ्यांची वाट या काळात रुंदावली. तहाविषयी असंतोष इतका होता, की १८९२ मध्ये बारा वर्षांची मुदत संपताच तो संपुष्टात आला. इथे राजाचे मस्तक स्वतःचे होते आणि सही स्वतःची होती, तरी प्रश्न तोच राहिला: सोय कोणाला आणि भार कोणावर?

हा प्रश्न नेमकेपणाने विचारणारा ग्रंथ १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला हा त्यांचा प्रबंध. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी आपला मतभेद नोंदवूनही त्याला प्रस्तावना लिहिली. आपल्याकडे या ग्रंथाचे नाव पुष्कळ घेतले जाते, वाचन कमी होते. त्याच्या आरंभी विस्कळीत नाण्यांपासून एकसारख्या रुपयापर्यंतचा इतिहास आहे. पण त्याचा खरा रोख आहे सरकारच्या विनिमय धोरणावर. रुपयाची पौंडाशी असलेली किंमत स्थिर ठेवली म्हणजे चलन स्थिर झाले, असे सरकार आणि जॉन मेनार्ड केन्ससारखे अर्थतज्ज्ञ मानत. आंबेडकरांचा आक्षेप असा, की देशातल्या माणसाचा संबंध रुपयाच्या पौंडातल्या किमतीशी नसतो. त्या रुपयात धान्य किती येते याच्याशी असतो. अंतर्गत क्रयशक्ती स्थिर नसेल तर बाह्य स्थैर्याला अर्थ नाही, आणि नाणी पाडण्याचा स्वैर अधिकार सरकारच्या हाती ठेवला तर ती स्थिरता राहणार नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती आपल्या आतापर्यंतच्या विवेचनाला एक आवश्यक कलाटणी देते. रुपया घसरला तेव्हा निर्यातदारांची भरभराट झाली, म्हणून घसरता रुपया देशाच्या हिताचा, असे तेव्हा अनेक जण म्हणत. आंबेडकरांनी विचारले, हा नफा आला कुठून? भाव चढतात तेव्हा मजुरी मागे राहते. निर्यातदाराचा लाभ मजुराच्या ताटातून आलेला असतो. म्हणजे चलन आपले असले आणि ते हवे तेव्हा उतरवता आले, तरी बट्टा नाहीसा होत नाही. तो महागाईच्या रूपाने मजुरावर बसतो. चलन सामायिक असले, उतरवता आले नाही, तर तोच बट्टा बेकारीच्या आणि स्थलांतराच्या रूपाने बसतो. वाट कोणतीही असो, उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसापर्यंत तो पोचतो. म्हणून स्वतःचे नाणे की सामायिक नाणे, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. बट्टा कसा वाटून घ्यायचा हे ठरवणाऱ्या सभेत त्या माणसाला जागा आहे की नाही, हे पाहावे लागते.

योगायोग असा, की या ग्रंथाच्या लेखकाने १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती भंडारा मतदारसंघातून. तीत त्यांचा पराभव झाला. रुपयाच्या प्रश्नावर इतका मूलभूत विचार केलेला दुसरा उमेदवार या जिल्ह्याला, किंवा कोणत्याही जिल्ह्याला, क्वचितच मिळाला असेल.

आता युरोपकडे वळू. फेब्रुवारी १९९२ मध्ये मास्ट्रिक्ट इथे करारावर सह्या झाल्या. १ जानेवारी १९९९ पासून युरो हिशेबाचे चलन झाले, १ जानेवारी २००२ पासून त्याच्या नोटा हातात आल्या. ३४०.७५० द्राख्मा म्हणजे एक युरो, २००.४८२ एस्कुदो म्हणजे एक युरो: असे भाव कायमचे गोठवले गेले. नोटांवर कोणत्याही राजाचे मस्तक नव्हते; कुणाचा रुसवा नको म्हणून त्यांवर प्रत्यक्षात कुठेच नसलेले पूल आणि कमानी काढल्या होत्या. १८३५ च्या रुपयाशी ही तुलना करून पाहावी. तिथे सत्ता नाण्यावर ठसठशीत उमटली होती. इथे ती दिसू नये याची काळजी घेतली होती.

सत्ता होतीच, आणि २०१० मध्ये ग्रीसचे कर्ज उघडे पडल्यावर ती दिसली. ग्रीक सरकारांनी तूट लपवली होती, धनिकांनी कर चुकवले होते, हे खरे. पण स्वस्त युरो कर्जे देणाऱ्या उत्तरेकडच्या बँकांनीही डोळे मिटले होते. द्राख्मा असता तर तो घसरला असता. युरो घसरवणे ग्रीसच्या हाती नव्हते. म्हणून पगार, निवृत्तिवेतने आणि नोकऱ्या घसरल्या. २०१३ मध्ये तिथली बेकारी २७ टक्क्यांच्या वर गेली, राष्ट्रीय उत्पन्न सुमारे चतुर्थांशाने आक्रसले, शिकलेली तरुण माणसे लाखांनी देश सोडून गेली. ५ जुलै २०१५ रोजी झालेल्या सार्वमतात ६१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या, आणि आठवडाभरात त्यांच्याच सरकारने त्याहून कठोर अटी मान्य केल्या. साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे अरिस्टोफेनिस आठवावा. इसवी सनापूर्वी ४०५ मध्ये अथेन्सला रंगभूमीवर आलेल्या त्याच्या 'बेडूक' या नाटकात नागरिकांची तुलना नाण्यांशी केली आहे: खरी जुनी नाणी बाजूला पडतात आणि हिणकस चालतात, तसेच नगरराज्यातल्या माणसांचेही झाले आहे, अशी ती तक्रार. ज्या शहराने नाणे आणि नागरिक यांची ही सांगड घातली, त्या शहराला चोवीस शतकांनंतर मतपेटी आणि नाणे यांची फारकत पाहावी लागली.

तरी ग्रीकांना पुन्हा द्राख्मा हवा होता असे नाही. संकटाच्या ऐन भरातही बहुसंख्य लोक युरोत राहण्याच्या बाजूचे होते, आणि त्यानंतर नवे देश युरोत आले. २०२३ मध्ये क्रोएशिया आल्यावर त्यांची संख्या २० झाली. यात विसंगती नाही. आंधळगावच्या व्यापाऱ्यालाही १८५४ नंतर नागपुरी रुपया परत नको होता. लोकांना बट्ट्याविना चालणारे नाणे हवे असते. त्यांना खटकते ते हे, की नाणे एक झाले पण तिजोरी एक झाली नाही. युरोपात व्याजाचा दर फ्रँकफुर्टला ठरतो, कर मात्र प्रत्येक राजधानीत ठरतात. संपन्न प्रदेशाकडून अडचणीतल्या प्रदेशाकडे आपोआप पैसा वाहील अशी पुरेशी व्यवस्था करारात नव्हती.

स्वतंत्र भारताने आपले चलन राखताना हा दुसरा अर्धा भाग निदान तत्त्वतः पूर्ण केला. घटनेच्या २८० व्या कलमाखाली वित्त आयोग नेमला जातो आणि केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना मिळतो. मागास राज्याला लोकसंख्येच्या मानाने अधिक मिळावा हे त्यामागचे एक सूत्र आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला महाराष्ट्रात येताना निधीच्या वाटपाचे आश्वासन दिले गेले. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. आश्वासने किती पाळली गेली यावर विदर्भात आजही कडवट वाद आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण वाद घालायला एक विधिमंडळ आहे, आणि त्याचे एक अधिवेशन नागपुरात भरते. १८५४ च्या विणकराला ते नव्हते.

आमच्याकडे पिकाचा अंदाज पूर्वी आण्यांत करीत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे गेले, आणेवारीची पैसेवारी झाली. अजूनही धानाच्या शेताकडे पाहून गावात चर्चा होते ती पैसेवारी पन्नासच्या आत लागते की नाही याची, कारण आत लागली तर टंचाईच्या सवलती मिळतात. नाण्याचे हे एक जुने काम आहे, मुलखाचे दुखणे मोजण्याचे. त्या मोजणीनंतर कुणीतरी वाटा उचलायला पुढे येणार असेल, तर एकच नाणे सर्वांनी खुशाल वापरावे. कुणी येणार नसेल, तर बट्टा आंधळगावच्या मागावर बसलेल्या माणसानेच भरायचा असतो.